आधी गव्हाण, मग सलाईन

"म्हैस काही खाई नही राहिनी, डॉक्टर." जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोल, कासोदा, रिंगणगाव अशा भागात पशुवैद्यकाला सकाळी येणारा फोन बहुधा याच वाक्याने सुरू होतो. सांगणाऱ्याच्या मनात क्रम असा असतो, की जनावर आजारी पडलं म्हणून त्याने चारा सोडला. अनुभवी डॉक्टर उलट्या टोकाकडून धागा पकडतो. चारा सोडण्याआधी काय खाल्लं होतं? ढेप बदलली का? नवीन चारा कधी तोडला? दाणा कुणी टाकला, नेहमीच्या माणसानेच की घरातल्या पोराने? गाय व्यायली कधी, आणि कितवं वेत? थर्मामीटर लावायच्या आधीच निम्मं निदान या प्रश्नांतून पुढे येतं.

गोठ्यात पोचल्यावरही तो थेट जनावराकडे जात नाही. गव्हाणीत हात घालून उरलेला चारा वर करतो, बुरशीचा वास येतो का बघतो, कांड्या किती लांब तोडल्यात ते पाहतो. मग शेण. शेणात ज्वारीचे किंवा मक्याचे अख्खे दाणे दिसले, तर दाणा न पचताच बाहेर पडतोय. शेण पातळ, फेसाळ आणि आंबूस असलं तर संशय एकीकडे जातो, घट्ट व काळपट गोळ्या असल्या तर दुसरीकडे. त्यानंतर तो डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून उभा राहतो आणि घड्याळ बघतो. निरोगी गायी-म्हशीचं कोठीपोट दोन मिनिटांत साधारण तीन वेळा हलतं, आणि ती हालचाल मुठीला कळते. ती मंदावली की रवंथ थांबतो, आणि रवंथ थांबला की बाकीचं सगळं हळूहळू थांबत जातं.

हे कोठीपोट नीट समजलं की पुढच्या साऱ्या आजारांचं गणित सुटतं. मोठ्या गायीच्या कोठीपोटात शंभर लिटरहून जास्त ऐवज मावतो. गावात ज्यांच्याकडे गोबर गॅसची टाकी आहे त्यांना याचं काम लगेच कळेल: आत हवा नाही, ऊब आहे, ओलावा आहे आणि अब्जावधी सूक्ष्म जीव आहेत. कडब्यातला काष्ठमय तंतू गायीला स्वतःला पचवता येत नाही. तो हे जीव फोडतात, त्यातून जी आम्लं तयार होतात ती कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात, आणि गायीला लागणारी बहुतांश ऊर्जा त्यांतूनच मिळते. नंतर हेच जीव पुढच्या पोटात वाहून जातात, तिथे मरतात आणि गायीचं प्रथिन होतात. थोडक्यात, गव्हाणीत आपण जे टाकतो ते आधी या जिवांचं जेवण असतं. गायीच्या वाट्याला येतं ते त्यांच्या हातून आलेलं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे तंतू फोडणारे जीव वेगळे आणि दाण्यातला स्टार्च फोडणारे वेगळे, आणि एका गटाची संख्या कमी होऊन दुसऱ्याची वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून चारा चांगला की वाईट यापेक्षा तो किती अचानक बदलला, याला जास्त महत्त्व. दुसरी गोष्ट प्रथिनाची. आहारात साधारण सात टक्के तरी प्रथिन नसेल, तर हे जीव उपाशी राहतात आणि तंतू फोडायचं काम मंद होतं. ज्वारीच्या कडब्यात प्रथिन तीन-चार टक्के. म्हणजे नुसत्या कडब्यावर ठेवलेलं ढोर पोट भरलेलं दिसतं, पण आतला चारा पुढे सरकत नाही, म्हणून ते आणखी खातही नाही. त्यात किलोभर ढेप मिसळली की तेच ढोर कडबा जास्त खाऊ लागतं. ढेपेने भूक वाढली असं शेतकरी म्हणतात ते खरंच आहे. फरक इतकाच, की भूक आधी आतल्या जिवांची वाढलेली असते.

एरंडोल तालुक्याचं चाऱ्याचं वर्ष कपाशी, मका, ज्वारी आणि बाजरी यांच्या भोवती फिरतं. रब्बीची दादर ज्वारी निघाली की तिचा चारा शेकड्याने विकत घेतात, आणि त्याची गंजी खळ्यात उन्हाळाभर पुरवतात. कपाशीची वेचणी संपली की शेतं ढोरांना मोकळी होतात. जिनिंग आणि तेलगिरण्या चालू झाल्या की सरकी आणि ढेप बाजारात येते. पावसाळ्यात बांधावरचं हिरवं. आजारही याच पंचांगाने येतात. तारखेवरून रोग ओळखणं शास्त्राला मान्य होणार नाही, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आलेला फोन आणि मे महिन्यातला फोन यांत डॉक्टर वेगवेगळ्या बाटल्या बॅगेत टाकून निघतो, हे मात्र खरं.

पोळ्याचंच घेऊ. वर्षभर कडब्यावर काम केलेल्या बैलापुढे त्या दिवशी पुरणपोळ्यांची चळत येते. घरोघरी ओवाळणी, प्रत्येक घरी एक-दोन पोळ्या, वर गूळ. लग्नसराईत हीच गोष्ट वरण-बट्टीच्या पंक्तीनंतर होते: उरलेला भात, बट्ट्या, बुंदी टोपल्यांनी गोठ्यात जातात, कारण अन्न फेकायला जिवावर येतं. कधी रात्री दावं सुटतं आणि गाय मक्याच्या किंवा ज्वारीच्या पोत्यात तोंड घालते. तिन्ही प्रसंगी आत घडतं ते एकच.

शिजलेला किंवा भरडलेला स्टार्च फार लवकर आंबतो. तो मिळताच एका जातीचे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. एरवी कोठीपोटाचा सामू सहा ते सातच्या दरम्यान असतो. तो पाचच्या खाली गेला, की तंतू फोडणारे जीव मरायला लागतात, आणि आम्लाला सोसणारे जिवाणू उरतात, जे आणखी आम्ल करतात. हे चक्र जनावराला स्वतः थांबवता येत नाही. कडबा खाताना जनावर तासन्‌तास रवंथ करतं, दिवसाला शंभर लिटरच्या घरात लाळ गिळतं आणि त्या लाळेतला सोडा आम्ल मारतो. पोळी चावावी लागत नाही, म्हणून लाळही सुटत नाही. शिवाय कोठीपोटातला ऐवज दाट झाल्याने शरीरातलं पाणी तिकडे ओढलं जातं. पोट पाण्याने डुचमळतं आणि जनावर मात्र आतून कोरडं पडतं: डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरली तर लवकर जागेवर येत नाही, पाय लटपटतात. यातून वाचलेल्या बैलाचे खूर काही आठवड्यांनी दुखायला लागतात, आणि तेव्हा पोळ्याची आठवण कुणाला राहत नाही.

उपचाराची पहिली पायरी आम्ल मारण्याची. खाण्याचा सोडा किंवा मॅग्नेशियमचं औषध पोटात देतात, शिरेतून सलाईन देऊन पाण्याची तूट भरतात. फार दाणा गेला असेल आणि वेळ गेला नसेल, तर डाव्या बाजूने पोट उघडून तो हातांनी बाहेर काढावा लागतो. दुसरी पायरी लोक विसरतात. आम्ल गेलं तरी आतली वस्ती उजाड झालेली असते, आणि तिथे पुन्हा जीव आणायचे असतात. त्यासाठी निरोगी जनावराच्या कोठीपोटातला द्रव काढून आजारी जनावराला नळीने देतात. कत्तलखान्यातून मिळालेला ताजा द्रवही चालतो. काही लिटर पुरतो. औषधांच्या दुकानात रवंथ सुरू करणाऱ्या भुकट्या मिळतात आणि त्यांचा उपयोगही होतो, पण जिवंत द्रवाची सर त्यांना नाही, असं माझं मत आहे. गोठ्यात दुसरं धडधाकट जनावर असताना डबीवर पैसे घालणं मला तरी पटत नाही.

इथे एक इशारा. पोट फुगलं की घरात आधी सोड्याचा डबा शोधतात. पण सगळी पोटं आम्लाने बिघडत नाहीत. सोयाबीन किंवा हरभऱ्यासारखा प्रथिनयुक्त दाणा जास्त गेला, किंवा युरिया पोटात गेला, तर कोठीपोटात अमोनिया साठतो आणि सामू वर चढतो. जळगाव जिल्ह्यात ठिबक घराघरात पोचलं आहे, आणि ठिबकमधून खत सोडण्यासाठी युरिया विरघळवून ठेवलेली टाकी किंवा बादली बांधावर उघडी असते. उन्हाळ्यात तहानलेली म्हैस ते पाणी पिते. काही मिनिटांत तोंडाला फेस, थरथर, पोटफुगी, झटके. इथे सोडा दिला तर आगीत तेल. इथे हवा व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी, म्हणजे सामू खाली येईल आणि अमोनिया रक्तात जायचा कमी होईल. एकाच फुगलेल्या पोटाला दोन उलटे उपाय आहेत, आणि कोणता द्यायचा ते पोटातल्या द्रवाच्या चार थेंबांवर सामूचा कागद टेकवून कळतं. हा कागद स्वस्त आहे. तो वापरणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नये.

ज्वारीची विषबाधा इतकी घाईची असते, की तिथे समजावून सांगायलाही वेळ नसतो. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली की खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत, आणि कापणीनंतर बुडख्यातून फुटलेल्या पोंग्यांत एक द्रव्य साठतं, ज्यातून पोटात गेल्यावर हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. ते पेशींना रक्तातला प्राणवायू वापरू देत नाही. जनावराचं रक्त लालभडक दिसतं आणि तरीही ते गुदमरतं. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून वेळेत गेलं तर जनावर उभं राहतं. न विसरण्याची गोष्ट एवढीच की पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत ज्वारी हिरवी चारू नये. वाळवलेल्या चाऱ्यात किंवा नीट मुरलेल्या मुरघासात हा धोका बराच उतरलेला असतो.

आता सरकी. खानदेशात दूध म्हटलं की सरकी आणि ढेप आलीच. म्हैस सरकीवर फॅट धरते हा अनुभव पिढ्यांचा आहे आणि बरोबर आहे, कारण अख्ख्या सरकीत पाचवा हिस्सा जवळपास तेलच असतं. पण तेल जास्त झालं, की तंतूंवर त्याचा थर बसतो आणि ते फोडणाऱ्या जिवांचं काम अडतं. मोठ्या दुभत्या जनावरालाही दिवसाला दोन-अडीच किलोच्या वर सरकी नको. दुसरी अडचण गॉसिपॉल या द्रव्याची. कपाशीचं झाड किडीपासून बचावासाठी ते तयार करतं. मोठ्या जनावराच्या कोठीपोटात ते प्रथिनांना चिकटून बरंचसं निष्प्रभ होतं. वासराचं कोठीपोट अजून घडलेलं नसतं, म्हणून त्याला ते सरळ लागतं, हृदयावर परिणाम होतो, आणि चांगलं खातंपितं वासरू एके दिवशी धापा टाकत मरतं. वळूच्या वीर्यावरही परिणाम होतो. वासरांना आणि पैदाशीच्या वळूंना सरकी-ढेप देऊच नये, हे एक वाक्य गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगं.

ढेपेचा तिसरा प्रश्न पावसाळ्याचा. ओल धरलेल्या पोत्यात बुरशी येते, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन, आणि ते यकृतात जाऊन दुधात उतरतं. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत दुधातल्या अफ्लाटॉक्सिन एम-1 ची मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे. गायीत दिसतं ते साधं: भूक मंद, दूध कमी, वारंवार उलटणं. ढेप फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवली आणि पावसाळ्यात महिन्याभराचीच आणली, तर यातलं बरंच टळतं.

आहार हेच औषध कसं ठरतं याचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग थंड पडतं. तिसऱ्या-चौथ्या वेताची, चांगली दुधाची गाय, बहुधा होल्स्टिन किंवा जर्सीचा संकर, व्याल्यावर एक-दोन दिवसांत डगमगते, मग बसते, मान मुरडून पोटाजवळ ठेवते आणि उठत नाही. कान गार, डोळे निस्तेज. डॉक्टर कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली शिरेतून अगदी हळू, हृदयाचे ठोके ऐकत सोडतो. बाटली संपता संपता गाय ढेकर देते, लघवी करते, आणि पुष्कळदा तिथल्या तिथे उभी राहते. बघ्यांना तो चमत्कार वाटतो.

हिशेब असा आहे. गायीच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम तीन ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं. दहा लिटर चिकात वीस ग्रॅमहून जास्त जातं. म्हणजे व्याल्याच्या दिवशी रक्तातला साठा कित्येक वेळा रिकामा होऊन भरला पाहिजे. भरायला हाडांत कॅल्शियम भरपूर आहे, पण हाडाचं कुलूप उघडणाऱ्या संप्रेरकाला जोर धरायला दोन-तीन दिवस लागतात. स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं. ते नाही म्हणून पाय उचलत नाहीत, कोठीपोट हलत नाही, गर्भाशय आखडत नाही आणि वारही अडकते.

हे कळायला जगाला बराच वेळ लागला. 1897 साली डेन्मार्कमधल्या कोल्डिंग गावच्या श्मिट या पशुवैद्यकाने अशा गायींच्या सडांतून पोटॅशियम आयोडाइडचं पाणी कासेत सोडलं आणि गायी वाचू लागल्या. त्याची समजूत होती की कासेत विष तयार होतं. पुढे कळलं, की औषध नको, नुसती हवा भरली तरी गाय उठते. कास हवेने ताणली गेली की दूध तयार होणं थांबतं, आणि कॅल्शियमची गळतीही. उपाय बरोबर होता, कारण चुकीचं होतं. 1925 मध्ये स्कॉटलंडमधल्या ड्रायर आणि ग्रेग यांनी कॅल्शियमच्या तुटीचा विचार मांडला, आणि मग बाटली आली.

बाटली मिळाल्यावर लोकांनी पुढचा तर्क केला: व्यायच्या आधीच कॅल्शियम पाजून ठेवू. बाजारात त्याची पातळ औषधं डब्यांनी मिळतात आणि गाभण गायीला शेवटचे दोन महिने ती पाजणारे गोठे पुष्कळ आहेत. यातून दुग्धज्वर वाढतो. आतड्यातून भरपूर कॅल्शियम आयतं मिळत राहिलं, की हाडाचं कुलूप उघडायची शरीराची सवयच जाते, आणि नेमक्या गरजेच्या दिवशी ते उघडत नाही. म्हणून व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत कॅल्शियम कमी ठेवायचं. या काळात लसूणघासही आवरता घ्यायचा, कारण त्यात कॅल्शियमबरोबर पोटॅशियमही खूप, आणि पोटॅशियममुळे रक्त अल्कधर्मी होऊन ते संप्रेरक निकामी ठरतं. मोठ्या गोठ्यांत या आठवड्यांत खास आम्लधर्मी क्षार देतात आणि गायीच्या लघवीचा सामू तपासून मात्रा ठरवतात. गाय व्याली, की त्याच दिवसापासून कॅल्शियम सुरू. तेच औषध, तीन आठवडे आधी बाधक आणि तीन तास नंतर उपकारक.

म्हशीच्या वाट्याला याचा एक चुलत आजार येतो. व्याल्यावर दोन-चार आठवड्यांनी लघवी कॉफीच्या रंगाची होते. घरचे घाबरतात, गोचीडतापाचं इंजेक्शन मागतात. गोचीडतापातही लघवी लाल होते, पण त्यात ताप असतो आणि रक्ताच्या काचपट्टीवर तांबड्या पेशींत परजीवी दिसतात. इथे बहुधा ताप नसतो. असतो तो स्फुरदाचा दुष्काळ. तांबड्या पेशींचं आवरण टिकवायला स्फुरद लागतं. वाळल्या चाऱ्यात ते थोडं, आणि दुधातून जातं भरपूर, म्हणून पेशी फुटतात. भाजीबाजारातला कोबी-फ्लॉवरचा पाला ढिगाने खाऊ घातला तरी तांबड्या पेशी फुटून असंच होतं. डॉक्टर सोडियम अॅसिड फॉस्फेट देतो, आणि घरी गव्हाचा कोंडा वाढवायला सांगतो, कारण कोंड्यात स्फुरद चांगलं असतं. ढोर चिंध्या, हाडं, माती चघळत असेल तर तीही बहुधा याच तुटीची आधीची खूण. त्या वेळी रोजचं पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण सुरू केलं असतं, तर काचपट्टीपर्यंत वेळ आली नसती.

आणि सलाईन. गावोगाव एक समजूत आहे, की खात नाही ना, मग दोन बाटल्या लावा, ताकद येईल. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर पंचवीस ग्रॅम. तिच्यातून मिळणारी ऊर्जा शंभर कॅलरीच्या आतच, म्हणजे मूठभर ज्वारीइतकी. चारशे किलोच्या गायीला नुसतं उभं राहायला दिवसाला बारा हजार कॅलरींच्या आसपास लागतात. बाटली पाणी भरते, क्षार भरते, औषध शिरेपर्यंत पोचवते. ताकद भरायला तोंडच लागतं. किटोसिस या आजारात पंचवीस टक्क्यांची बाटली देतात. तिचा उपयोग खरा आहे, कारण तिथे रक्तातली साखर अचानक खाली गेलेली असते: दहा लिटर दुधात जवळपास अर्धा किलो दुग्धशर्करा जाते, चाऱ्यातून तेवढी बनत नाही, गाय स्वतःची चरबी वितळवते आणि तिच्या श्वासाला गोडसर वास येतो. पण तिथेही बाटलीचा असर काही तासच टिकतो. नंतर प्रॉपिलिन ग्लायकॉल पाजणं, मक्याचा भरडा हळूहळू वाढवणं, चांगली हिरवी कुट्टी, यांवरच गाय सावरते.

ऑगस्ट 2022 मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ महाराष्ट्रात शिरली ती जळगाव जिल्ह्यातूनच, रावेर तालुक्यातल्या चिनावलपासून. विषाणूवर थेट औषध नव्हतं. ताप उतरवणं, जखमा साफ ठेवणं, जिवाणूंचा दुसरा हल्ला रोखणं आणि जनावराच्या पोटात काहीतरी जाईल असं बघणं, एवढंच हातात होतं. अंगावरच्या गाठी सगळ्यांना दिसत होत्या. तोंडाच्या आतले फोड कमी जणांनी पाहिले, आणि चारा सुटण्याचं कारण पुष्कळदा तेच होतं. अशा तोंडाला कडब्याची कांडी काट्यासारखी टोचते. त्या वेळी उपयोगी पडला तो मऊ, बारीक कापलेला हिरवा मका, आणि गुळाचं पाणी घातलेली भरड्याची पातळ आंबोणी, दिवसातून पाच-सहा वेळा, थोडी थोडी.

पाजण्याबद्दल इथेच सांगायला हवं. बांबूच्या नळकांड्याने किंवा बाटलीने, मान उंच धरून, जीभ ओढून पाजायची पद्धत अजून चालू आहे. जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही आणि औषध श्वासनलिकेत जातं. आंबोणी फुप्फुसात गेलेलं जनावर चार दिवसांनी न्यूमोनियाने जातं, आणि दोष मूळ आजारावर येतो. मान जमिनीला समांतर, जीभ मोकळी, एका वेळी घोटभर, ठसका लागताच मान खाली सोडायची. जास्त पाजायचं असेल तर पोटात नळी घालायला डॉक्टरलाच बोलवावं. 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो.

नवजात वासराचं प्रकरण छोटं आहे, पण त्यात जुनी समजूत आडवी येते. वार पडल्याशिवाय चीक पाजू नये असं अनेक घरांत मानतात. वार पडायला सहा-आठ तास सहज लागतात. चिकातली रोगप्रतिकारक प्रथिनं वासराच्या आतड्यातून जशीच्या तशी रक्तात जाण्याची वाट पहिल्या काही तासांत सर्वांत मोकळी असते आणि चोवीस तासांत बंद होते. पहिल्या दोन तासांत पहिला चीक, दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. खरवस उरलेल्याचा करावा. उलट, कास लवकर प्यायली गेली की वार पडायलाही मदतच होते.

2011 मध्ये लहान पाळीव प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेने पोषणाची तपासणी ही ताप, नाडी, श्वास आणि वेदना यांच्या जोडीची पाचवी तपासणी मानावी, असं सांगितलं. त्यांच्यासमोर शहरांतली कुत्री-मांजरं होती. गायी-म्हशींत ती बहुधा पहिली ठरते.

राहिला प्रश्न रोजच्या गव्हाणीचा. चारशे किलोची, दहा लिटर दूध देणारी गाय दिवसाला साधारण बारा किलो कोरडा ऐवज खाते, ओलावा वजा करून. आपल्याकडच्या मालात मांडायचं तर वीस किलो हिरवा मका किंवा संकरित नेपियर, चार किलो दादरच्या चाऱ्याची कुट्टी, आणि साडेचार-पाच किलो आंबोण, ज्यात ढेप, भरडा, चुनी आणि कोंडा मिसळलेला. पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण, तीस ग्रॅम मीठ. पाणी मोजू नये, समोर ठेवावं. जळगावच्या मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा पाणी कमी पडलं, तर दूध संध्याकाळीच घटलेलं दिसतं. हिरवं नसेल त्या महिन्यांसाठी मुरघास, नाहीतर कडब्याला युरियाची प्रक्रिया: शंभर किलो कुट्टी, चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, ताडपत्रीखाली दाबून एकवीस दिवस बंद. उघडल्यावर वास उडू द्यायचा, आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना तो घालायचा नाही. विरघळवलेल्या पाण्याची बादली मात्र त्याच क्षणी धुऊन उपडी घालायची.

आजारातून उठलेल्या जनावराला या पूर्ण गव्हाणीवर परत आणायला आठवडा ते दहा दिवस द्यावे लागतात. पहिले दोन दिवस मऊ हिरवं आणि थोडी बारीक कुट्टी, सोबत मीठ-गुळाचं पाणी. भकाळीत मुठीला हालचाल लागली आणि रवंथ सुरू झाला, की मूठभर कोंडा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून भरडा, रोज पाव-अर्धा किलोने वाढवत, शेणावर नजर ठेवून. शेण पातळ झालं तर एक पायरी खाली यायचं. ढेप सर्वांत शेवटी.